डाव्या पायाची पट्टी

लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मी पट्ट्या धुण्यात घालवली. घरातलं धुणं वेगळं आणि या पट्ट्या वेगळ्या. जुन्या लुगड्याच्या, चार बोटं रुंद आणि चांगल्या तीन-चार हात लांब. हे फुटबॉल खेळत, आणि त्या वेळी साताऱ्यात बहुतेक जण अनवाणीच खेळत, पावलाला आणि घोट्याला अशा पट्ट्या गुंडाळून. सामना झाला की त्या मातीनं, घामानं, कधी रक्तानं कडक होऊन घरी येत. मी त्या रिठ्याच्या पाण्यात भिजवायची, दगडावर हलक्या हातानं चुबकायची, आणि वाळल्या की मांडीवर घेऊन त्यांची भेंडोळी करून ठेवायची. लढाईचे दिवस होते. कापड कार्डावर मिळायचं. त्यामुळे एकही पट्टी टाकून देता येत नसे. फाटली की जोड द्यायचा, पुन्हा फाटली की पुन्हा जोड. सुई-दोऱ्याचं ते काम माझ्याकडे होतं आणि ते मला आवडायचं, कारण ते करताना कुणाशी बोलावं लागत नसे.

मी माणदेशातल्या मेंढरांच्या घरातली. चौथीपर्यंत शिकले, तेही शाळा गावातच होती म्हणून. चौदाव्या वर्षी साताऱ्यात आले. सासरची माणसंही मूळची मेंढरांचीच, पण सासऱ्यांच्या वेळेपासून शहरात राहिलेली. मी आले तेव्हा सासरे नव्हते. घरात सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायची, धाकटे भाऊजी आणि आम्ही दोघं. लाकडाच्या वखारीमागं दोन खोल्या होत्या. वखारीची दगडी भिंत आमच्या अंगणात यायची, आणि त्या भिंतीवर हे रोज पहाटे चेंडू मारत. धप्प, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. चुलीवर हुलग्याचं माडगं रटरटत असायचं आणि त्या आवाजावर मी पीठ मळायची. आत्याबाई कावायच्या, "त्या भिंतीनं तुजं काय वाईट केलंय रं? का मारतुयास तिला सकाळधरनं?" हे हसायचे आणि आणखी दहा वेळा मारायचे, पाच उजव्या पायानं, पाच डाव्या. मग किल्ल्यावर धावत जाऊन खाली यायचे, भाकरी खायचे आणि मोटारीच्या गॅरेजात फिटरच्या कामावर जायचे. संध्याकाळी पुन्हा मैदान.

यांच्या अंगात कला नव्हती. हे मी म्हणत नाही, तेच म्हणायचे. ते बॅक होते, म्हणजे आपल्या गोलाच्या पुढं उभं राहून समोरच्याला अडवणारे. गोल करणाऱ्याला लोक खांद्यावर घेतात. बॅकचं काम असं की ते नीट झालं तर काही घडतच नाही, आणि न घडलेल्या गोष्टीसाठी कोण टाळ्या वाजवणार? चुकलं तर मात्र सगळं गाव बघतं. आता नातवंडं टीव्हीवर सामने बघतात, तेव्हा बॅकचंसुद्धा नाव पडद्यावर लिहून येतं. मी ते नाव वाचते. माझ्याशिवाय कुणी वाचत नसावं.

संघ नानांनी उभा केला होता. पलटणीतून परत आलेले नाना. तोफेच्या आवाजानं त्यांचा डावा कान गेला होता, म्हणून बोलणाऱ्याकडे ते उजवा कान करत आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत. त्यामुळे हा माणूस सतत आपल्यावर संशय घेतो आहे असं वाटायचं. पण यांच्यावर त्यांचा विश्वास होता. "बाकीचे खेळत्यात," ते आत्याबाईंना म्हणाले होते, "ह्यो राखतो."

सांगलीच्या संघाशी सामना ठरला तेव्हा गावात दुसरा विषय नव्हता. आदल्या वर्षी सांगलीनं आम्हाला हरवलं होतं. त्या आठवड्यात मी हौदावर पाण्याला गेले असताना हे दिसले. गॅरेजात असायच्या वेळी, हौदाच्या पलीकडच्या अंगाला, काळी टोपी घातलेल्या एका माणसाशी बोलत होते. माणूस परका होता. त्याच्या काखेत छत्री होती आणि तो बोलताना यांच्या पायांकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही, पायांकडे. मला ते बघणं अजिबात आवडलं नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "कोन हुतं ते?"

"कोन?"

"हौदापाशी."

"त्यो व्हय? पत्ता विचारत हुता."

पत्ता सांगायला एवढा वेळ लागत नाही, आणि पत्ता सांगताना कुणी असं मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत नाही. मी काही बोलले नाही. न बोलणं हा माझा स्वभावच होता. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. दोन दिवसांनी भाऊजींनी सांगितलं की सांगलीहून कुणी काळ्या टोपीचा माणूस येऊन राहिला आहे, मैदानही बघून गेला आहे.

सामना मी शेजारच्या काकूंबरोबर मैदानालगतच्या एका माडीवरून बघितला. खेळातलं मला फारसं कळत नव्हतं. पण हे कुठं आहेत ते मला कायम दिसायचं, आणि त्या दिवशी त्यांचं काहीतरी बिनसलं आहे हेही दिसत होतं. ते मधेच डावं पाऊल जमिनीवर घासत, वाकून पट्टी चाचपत, आणि कुणी चाल करून आलं की पुन्हा धावत. अगदी शेवटपर्यंत कुणाचाच गोल झाला नव्हता. मग एक चेंडू आला, हळू, टप्पे खात, जवळपास कुणी नसताना. हे पुढं झाले आणि त्यांनी डावा पाय मारला. चेंडू लांब जायच्या ऐवजी वाकडा निघाला आणि सांगलीच्या एका पोराच्या पायाशी जाऊन थांबला, जसा काही त्यालाच दिला होता. त्यानं गोल केला.

काकू म्हणाल्या, "अगं बाई, एवढा सोपा चेंडू?" आणि माझ्याकडे बघून पटकन दुसरीकडे बघितलं.

दिवेलागणीला हे घरी आले ते सरळ मागच्या दारी गेले आणि माझ्याकडे पाठ करून बादलीत पाय घालून बसले. मी पट्ट्या मागितल्या.

"टाकून दिल्या."

"टाकून? दोन्ही पायांच्या?"

"फाटल्या हुत्या. किती येळा सांगू?"

एकदाच सांगितलं होतं. दोन वर्षांत एक चिंधी टाकली नव्हती त्या माणसानं. दुसऱ्या दिवसापासून ते घरातही डाव्या पायात मोजा घालून बसू लागले. घोटा मुरगळलाय, म्हणाले. मी तेल चोळायला गेले तर पाय ओढून घेतला. आणि एकदा जेवताना, माझ्याकडे न बघता, विचारलं, "सामन्याच्या आदल्या दिशी घरी कोन आलं हुतं का गं? तुजी गाठ घ्यायला?"

"मला कोन भेटणार हाय?" मी म्हटलं. मला राग आला. चोरी यांची आणि विचारणा मला?

गावाला विषय मिळाला होता. हौदावर बायका मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. "सांगलीची हळद म्हणं लय चांगली. एकदा लागली की पायसुदिक पिवळा हुतो." भाऊजी एका दुकानावर मारामारी करून फाटका सदरा घेऊन आले. आत्याबाई चुलीकडे तोंड करून बसायच्या. भाकरी थापताना आधी त्या काही ना काही पुटपुटायच्या, ते बंद झालं. आणि मी? मी मनात एकेक गोष्ट ओळीनं मांडत होते. हौद, टोपी, पत्ता, पट्ट्या, मोजा. कशीही मांडली तरी एकच उत्तर येत होतं.

पंधरा दिवसांत काळी टोपी आमच्या दारात उभी राहिली. सांगलीच्या एका शाळेचे ते मास्तर निघाले. भडंगाचा पुडा आणला होता. शाळेला मुलांना फुटबॉल शिकवणारा माणूस हवा होता, राहायला खोलीही देणार होते. मास्तर गेल्यावर पुडा तसाच राहिला. आत्याबाईंनी विचारलं, "ह्यो वळखीचा कवापासनं?" हे म्हणाले, "शिकवायचं काम हाय, आये. वंगाळ न्हाई." जे विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं.

संध्याकाळी नाना आले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत. आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला तर हातानंच नको म्हणाले.

"माज्याकडं बघून सांग," ते यांना म्हणाले.

"पाय चुकला, नाना."

"चार वर्सं तुजा पाय बघतुय मी. त्यो चुकत न्हाई. त्या मास्तरानं तुला कवा इचारलं? सामन्याच्या आधी का मागनं?"

मी दाराआड उभी होते आणि मनात म्हणत होते, मागनं म्हणा, मागनं म्हणा.

"आधी," हे म्हणाले. "पर मी म्हटलं हुतं, सामना हुईस्तवर ह्यातलं काय बोलू नका."

"मग झालं," नाना म्हणाले आणि गेले.

आम्ही दोघं सांगलीला गेलो. आत्याबाई आल्या नाहीत. खोली विश्रामबागच्या बाजूला होती. आता तिथं केवढी वस्ती झाली आहे, पण तेव्हा शेतं, बाभळी आणि मोकळं माळरान. शाळेची मुलं तिथं खेळायला यायची. मी दुपारी झुणका-भाकरी घेऊन जायची आणि बाभळीखाली बसून राहायची. वाटलं होतं, इथं तरी यांचा चेहरा खुलेल. नोकरीसाठी गाव विकलेला माणूस निदान नोकरीत तरी सुखी दिसायला हवा. तसं काही दिसत नव्हतं. ते पहिल्यासारखेच राबत होते, फक्त आता मुलांबरोबर.

शिकवायची त्यांची तऱ्हा मला फार आवडली, हे कबूल करते. पहिले आठ दिवस त्यांनी मुलांना चेंडूला पायच लावू दिला नाही. एकानं पळायचं, दुसऱ्यानं हात पाठीमागं बांधून त्याच्या समोर राहायचं, एवढंच. एक पोरगं कुरकुरलं, "मास्तर, ह्यो काय खेळ हाय व्हय? शिवाशिवी झाली ही." हे म्हणाले, "मेंढरू कळपातनं फुटायच्या आधी मान वळवतं. माणूस कंबर वळवतो. चेंडू फसवंल, डोळं फसवतील. कंबर बघ." माझे वडील मेंढरांमागं चालताना अगदी असंच बोलायचे. भाकरीचं फडकं हातात धरून मी ऐकत बसले.

एके दिवशी पाऊल कसं आडवं धरायचं हे दाखवायला त्यांनी बूट आणि मोजा काढला. मी चार हातांवर होते. डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा काळपट डाग होता, आणि त्यातून खाली टाचेकडे ओघळ आल्यासारखी एक रेघ. कातडी तिथं सुरकुतली होती. तसा डाग मी जन्मापासून बघत आले होते, माझ्या वडिलांच्या मनगटावर. तो बिब्ब्याचा होता. बिब्बा ठेचला की त्याचं काळं तेल निघतं, आणि ते ज्या कातडीला लागतं तिथं दुसऱ्या दिवशी फोड येतात. आमच्याकडे म्हणतात बिब्बा उतला. मेंढरांची औषधं करणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर एखादा डाग असतोच.

इथं मला एक गोष्ट लिहायला हवी जी खरं तर आधीच लिहायला हवी होती. पण मला स्वतःलाही ती तिथं, त्या बाभळीखालीच आठवली, म्हणून तशीच लिहिते. सामन्याच्या आदल्या दिवशी डाव्या पायाच्या पट्टीत मी बिब्बा शिवला होता. काळ्या टोपीचा माणूस यांच्या पायांकडे ज्या नजरेनं बघत होता ती नजर मला खुपली होती. आमच्याकडे कोकराच्या गळ्यात, तान्ह्या मुलाच्या कमरेला, बाळंतिणीच्या उशाला दृष्टीसाठी बिब्बा बांधतात. अख्खा, वाळका बिब्बा कुणाला काही करत नाही. मी तो पट्टीच्या दुहेरी घडीत घालून चार टाके मारले. कुंकू लावावं इतकं ते माझ्या हातच्या सवयीचं काम होतं, म्हणून मनात राहिलंच नाही. चेंडू मारणाऱ्या पायावर बिब्बा फुटू शकतो, हा विचार मेंढरांच्या घरातल्या पोरीला सुचणार कसा? कोकरू चेंडू मारत नाही.

दुपारी खोलीवर आल्यावर मी विचारलं, "बिब्बा उतला व्हय तुमचा?"

यांनी घास खाली ठेवला. "म्हंजे तूच शिवलावतास."

"दिष्ट लागू नये म्हून."

"कुनी सांगितलं करायला?"

"कुनीच न्हाई. माजी मीच."

त्यांनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला पदर सारखा करावा लागला. मग हळूहळू सांगितलं. पट्टीखाली खडा गेला आहे असं त्यांना वाटत होतं. सोडायला वेळ नव्हता. शेवटचा चेंडू मारताना त्या खड्याचं टोक घोट्याच्या हाडात शिरलं आणि पाय वळला. पट्टी सोडल्यावर ठेचलेला बिब्बा निघाला. "मला वाटलं, कुनीतरी करणी केली. मग टाके बघितले. टाके तुजे हुते, मी वळखतो. मग वाटलं, हिला कुनी शिकीवलं आसंल. माज्या भावानं, न्हाईतर दुसऱ्या कुनी. तुज्या माह्यारच्या मानसांवरसुदिक गेलं मन."

"मग इचारलं का न्हाई?"

"इचारलं हुतं की. कोन आलं हुतं म्हून."

मला रडू आलं. मी म्हटलं, नानांना सांगा, आजच पत्र घाला, मी सांगते, मी लिहिते. ते म्हणाले, "काय लिवणार? बायकूनं पट्टीत बिब्बा घातला? सारं गाव म्हनंल, करणी केली, बाई पांढऱ्या पायाची हाय. मला विकला म्हंत्यात न्हवं? म्हनू देत. खेळाडूचं लोक इसारत्यात. बाईच्या माथ्यावर बसलं की ते उतरत न्हाई." आणि पुन्हा जेवायला लागले.

थंडीच्या दिवसांत सातारचा संघ सांगलीला खेळायला आला. हे मैदानाच्या पलीकडच्या टोकाला मुलांना घेऊन उभे राहिले, नानांच्या नजरेला न येता. नाना एकटेच एका दगडावर बसले होते. मी का उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही. परक्या माणसाशी मी तोवर चार शब्द बोलले नव्हते. त्यांच्यामागं उभी राहून, खाली बघत, मी सगळं सांगितलं. हौद, टोपी, दृष्ट, बिब्बा. सांगून झालं तरी नाना हलले नाहीत. मग त्यांनी सहज मान वळवली, मला बघितलं आणि म्हणाले, "कवा आलीस पोरी? काय म्हंतीस?"

मी त्यांच्या डाव्या कानाशी बोलले होते. मग दुसऱ्या बाजूला जाऊन सगळं पुन्हा सांगावं लागलं, आणि मोठ्यानं. जवळ उभे असलेले सांगलीचे दोघं-तिघं वळून बघू लागले.

"ह्यानं पढवून धाडलं तुला?" नानांनी विचारलं.

"त्येंनी नगं म्हटलंय. त्येंना ठावं न्हाई."

"कंच्या पायाची पट्टी?"

"डाव्या."

नानांनी आपला उजवा हात पुढं घेऊन अंगठा बोटांवर फिरवला. "ती पट्टी मी बांधली त्या दिशी," ते म्हणाले. "साऱ्यांच्या मीच बांधतो. बोटाला कायतरी लागलं हुतं. म्हटलं, शिवणीची गाठ आसंल, आन् आवळली. लय आवळली."

ते उठले आणि मैदान ओलांडून सरळ यांच्याकडे गेले. मी मागं होते. "गाढवा," ते म्हणाले, "तोंड शिवलं हुतं का तुजं?"

हे आधी माझ्याकडे बघत राहिले, मग नानांकडे. "बोललो आसतो, तर गावानं हिला ऱ्हाऊ दिलं आसतं का, नाना? तुमी सांगा."

नानांनी मुलांकडे बघितलं. मग यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरांच्या कमरा ताठ हाईत. वाकायला शिकीव." त्यांनी गावात कुणाला सांगितलं नाही. सांगू नये असं आम्हा तिघांत न बोलताच ठरलं. साताऱ्यातले लोक पुढं कित्येक वर्षं तेच म्हणत राहिले, आणि आत्याबाई शेवटच्या आजारपणात सांगलीला आल्या, त्याआधी एकदाही आल्या नाहीत.

त्या संध्याकाळी मैदानावरून परत येताना हे माझ्यापुढं चार पावलं चालत होते. मधेच थांबले. मी जवळ आल्यावर म्हणाले, "आयेनं इश्वास सोडला. नानांनी सोडला. सख्ख्या भावानं मारामारी केली खरं, पर डोळ्याला डोळा दिला न्हाई. तू तेवढी गप ऱ्हायलीस. तुला कवा वाटलं न्हाई, मी सामना इकला म्हून?"

मी म्हटलं, "न्हाई."

हे पुढं तीस वर्षं मुलं शिकवत होते. घरी जेवायला आलेल्या प्रत्येक तुकडीला ते सांगायचे की सगळा सातारा आपल्यावर उलटला तेव्हा एका माणसानं, या तुमच्या काकूनं, क्षणभरसुद्धा संशय घेतला नाही. मुलं माझ्याकडे बघायची. मी वाढत असायची, आणि कुणाच्या ताटात काय संपलं आहे ते बघायला वाकायची.